सर म्हणतील तसं

भारतातून इंग्लंड-अमेरिकेत आलेल्या आपल्या डॉक्टर मंडळींना पहिल्याच आठवड्यात एक धक्का बसतो. केस पिकलेला विभागप्रमुख हात पुढे करून सांगतो, "मला डेव्हिड म्हण." जीभ काही वळत नाही. मग कोणी वर्षभर 'सर'च म्हणत राहतं, तर कोणी नाव घ्यायची वेळच येऊ देत नाही. या गोष्टीवर आपण जेवणाच्या टेबलावर हसतो. पण हाक बदलली म्हणून नातं बदलतं असं नाही. डेव्हिडच्या हातात सही असते. शिफारसपत्र त्याच्या हातात, उद्या टेबलावर सुरी कोण धरणार ते त्याच्या हातात, आणि नोकरीवरच व्हिसा टांगलेला असेल तर एका अर्थाने या देशात राहणंही त्याच्या हातात.

तुमच्या घरात कोणी मेडिकलला असेल तर फोनवर तुम्ही काय सांगता ते आठवून पाहा. "सर म्हणतील तसं कर, दोन-तीन वर्षांचाच प्रश्न आहे." प्रेमानेच सांगतो आपण. त्या सल्ल्यामागे एक समज असतो: वैद्यकीत गुरूची आज्ञा ही परंपरा आहे, आणि मर्यादा, तक्रार, समिती वगैरे ही पाश्चात्त्यांची अलीकडची खुळं आहेत. इतिहास पाहिला तर या समजाला फारसा आधार सापडत नाही.

सुरुवात आपल्याच घरापासून करू. चरकसंहितेच्या विमानस्थानात आठवा अध्याय आहे. वैद्य होऊ इच्छिणाऱ्याने काय करावं, ते त्यात क्रमाने सांगितलं आहे, आणि तो क्रम मोठा गमतीचा आहे. आधी कोणतं शास्त्र शिकायचं ते पारखून घ्यावं. मग आचार्याची परीक्षा करावी. शिष्य कसा असावा ही चर्चा त्यानंतर येते. म्हणजे मुलाखत आधी गुरूची! त्याचं ज्ञान आणि हात तर पाहायचेच, पण तो रागीट आहे का, मत्सरी आहे का, शिष्यांवर माया करतो का, हेही पाहायचं.

पुढे अग्नीच्या साक्षीने दीक्षा होते. ब्राह्मण आणि वैद्य समोर बसलेले असतात. आचार्य शिष्याला सांगतो की माझ्याजवळ मुलासारखा, दासासारखा आणि गरजू माणसासारखा राहा, माझ्या आज्ञेत वाग. इथपर्यंत ऐकून आपण मान डोलावतो, कारण गुरुकुल म्हणजे हेच असं आपल्याला वाटत असतं. पण त्याच आज्ञेत अपवाद सांगितले आहेत. राजाविरुद्ध जाणारी गोष्ट, कोणाच्या जिवावर बेतणारी गोष्ट, मोठा अधर्म किंवा अनर्थ घडवणारी गोष्ट मी सांगितली तर ती करायची नाही. आज्ञा कुठे संपते ते पहिल्याच दिवशी, साक्षीदारांसमोर, खुद्द आज्ञा देणाऱ्याने सांगायचं.

सुश्रुत त्याही पुढे जातो. सूत्रस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात शिष्याला नियम सांगून झाल्यावर आचार्य स्वतःकडे वळतो. तू नीट वागत असताना मी जर तुझ्याकडे वाकड्या दृष्टीने पाहिलं, तर पाप मला लागो आणि माझी विद्या निष्फळ होवो, अशा अर्थाचं तो बोलतो. शस्त्रवैद्याने स्वतःच्या विद्येची शपथ घालून घेणं म्हणजे सगळंच पणाला लावणं. अर्थात हा विधी कोणासाठी होता हेही सांगायला हवं. अट जन्माची होती. सुश्रुत वरच्या तीन वर्णांची नावं घेतो आणि शूद्राला मंत्रांवाचून शिकवावं असं काहींचं मत म्हणून नोंदवतो. स्त्रियांचा तर विचारच नाही. तेव्हा ही सोनेरी युगाची कहाणी म्हणून मी सांगत नाही. पण ज्यांना दारातून आत घेतलं त्यांच्यापुरतं तरी बंधन दोन्ही बाजूंना होतं.

आता ग्रीकांकडे पाहा. जगभर जिचं नाव घेतात ती हिपोक्रॅटिसची शपथ शिक्षकापासूनच सुरू होते. गुरूला आईबापांसमान मानीन, माझी मिळकत त्याच्याशी वाटून घेईन, त्याच्या मुलांना भाऊ समजून फी न घेता शिकवीन. पुढे रुग्णाच्या घराबद्दल फार स्पष्ट वचन आहे: तिथल्या बाईशी किंवा पुरुषाशी, स्वतंत्र असो वा गुलाम, शरीरसंबंध ठेवणार नाही. रुग्णाच्या उंबरठ्यावर इतकी ठळक रेघ ओढणारी ही शपथ शिष्याशी कसं वागावं याबद्दल मात्र गप्प आहे. कारण उघड आहे. शिष्य घरचाच झाला, आणि घरच्या माणसांत कसल्या रेघा?

माझ्या मते गाठ इथेच आहे. नातं जवळचं असण्यात काही वावगं नाही. पण ते एकदा कुटुंबाचं ठरलं की 'नाही' म्हणणं कृतघ्नपणा ठरतो. आपल्याकडेही गुरुपत्नीकडे वाकड्या नजरेने पाहणारा शिष्य महापातकी ठरवला गेला, म्हणजे गुरूच्या घराचं रक्षण झालं. उलट बाजूने कथेत एकच ठसठशीत प्रसंग आठवतो, आणि तोही संजीवनी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याचा. खाडिलकरांच्या 'विद्याहरणा'मुळे कच-देवयानी आपल्याला ठाऊक आहेत. गुरुकन्या लग्न मागते, आणि मी तुझ्या वडिलांच्या पोटातून जन्मलो, तू माझी बहीण, असं सांगून कच नकार देतो. त्याने नकारासाठीही कुटुंबाचीच भाषा वापरली, आणि किंमतही दिली: शिकलेली विद्या तुला फळणार नाही असा शाप. नकार देणाऱ्याचं करिअर धोक्यात येणं ही गोष्ट इतकी जुनी आहे.

देवयानीपासून थेट आनंदीबाई जोशींकडे उडी मारतो, कारण शिक्षक आणि घरचा माणूस एकच झाला की काय होतं याचं मराठी घरातलं इतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही. गोपाळरावांनी बायकोला हट्टाने शिकवलं, हे आपण शाळेपासून ऐकतो, आणि ते खरंच आहे. पण अमेरिकेतून आनंदीबाईंनीच नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात लहानपणच्या त्या अभ्यासाची दुसरी बाजू आहे. दहाव्या वर्षी लाकडाचा मार, बाराव्या वर्षी अंगावर भिरकावलेली पुस्तकं आणि खुर्च्या, चौदाव्या वर्षी सोडून जाण्याची धमकी. त्या लिहितात शांतपणे, पण विसरलेल्या नाहीत. गोपाळराव नवरा होते, पालक होते आणि मास्तरही होते. मास्तरांची तक्रार करायची तर कोणाकडे? नवऱ्याकडे?

१८८३ साली त्या एकट्या अमेरिकेला निघाल्या. तिथे ही तीन कामं वेगवेगळ्या माणसांकडे गेली, आणि हे मला त्यांच्या गोष्टीतलं फार मोलाचं वळण वाटतं. घर दिलं न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी. त्यांना आनंदीबाई 'मावशी' म्हणत. शिक्षण दिलं फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजने, ज्याच्या डीन होत्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक रेचल बॉडली. बॉडलीबाईंनी या विद्यार्थिनीवर माया केलीच. पण प्रवेश अर्जावर, पदवी परीक्षेवर आणि प्रबंधावर मिळाली. मावशी एक, डीन दुसरी. ११ मार्च १८८६ ला त्या एम. डी. झाल्या. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्यात त्यांचं निधन झालं, आणि रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला विसावली. नात्यातली ती मावशी शेवटपर्यंत मावशीच राहिली.

त्यानंतर अकरा वर्षांनी जर्मनीत कील शहरात जे घडलं ते भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या वर्तुळात आजही हसत हसत सांगितलं जातं. ऑगस्ट बियर नावाचा ३६ वर्षांचा शल्यचिकित्सक पाठीच्या कण्यात कोकेन टोचून कमरेखालचा भाग बधिर करण्याचे प्रयोग करत होता. आज सिझेरियनला जी पाठीतून भूल देतात तिचा हा उगम. ऑगस्ट १८९८ मध्ये काही रुग्णांवर प्रयोग झाले. भूल लागली, पण नंतर डोकेदुखी आणि उलट्या झाल्या. ही कशाने होते ते समजावं म्हणून बियरने ठरवलं की आधी स्वतःवर करू. २४ ऑगस्टच्या संध्याकाळी त्याचा साहाय्यक हिल्डेब्रांट याने बियरच्या पाठीत सुई घातली. सिरिंज सुईला नीट बसेना. कण्यातलं पाणी बरंच वाहून गेलं, कोकेन बाहेर सांडलं आणि प्रयोग फसला.

तेव्हा हिल्डेब्रांट म्हणाला, माझ्यावर करा.

बियरने केलं. भूल उत्तम लागली. ती किती उत्तम लागली हे पाहण्यासाठी त्याने साहाय्यकाच्या मांडीत सुई हाडापर्यंत खुपसली, पायावर पेटती सिगार टेकवली, नडगीवर लोखंडी हातोडा मारला, गुप्तांगाजवळचे केस उपटले, वृषण ओढून पाहिलं. प्रत्येक गोष्ट किती मिनिटांनी केली त्याची नोंद आहे. मग दोघे जेवले, वाइन प्याले, सिगारी ओढल्या. दुसऱ्या दिवसापासून बियर डोकेदुखीने कित्येक दिवस अंथरुणाला खिळला. हिल्डेब्रांटलाही डोकेदुखी आणि उलट्या झाल्या, आणि जिथे मारलं, भाजलं होतं तिथे भूल उतरल्यावर जे दुखायचं ते दुखलंच.

बियरच्या बाजूने एवढं म्हणायला हवं की त्याने सुई आधी स्वतःच्या पाठीत घालून घेतली. हिल्डेब्रांट स्वतःहून पुढे आला, त्याला कोणी ओढलं नव्हतं. पण तुम्हीच सांगा, वरिष्ठ माणूस तुमच्या हातून झालेल्या गडबडीनंतर पाठीतून पाणी गळत समोर बसला आहे, त्याचा मोठा शोध अडला आहे, खोलीत तुम्ही दोघेच आहात. अशा वेळी 'मी तयार आहे' या वाक्यात इच्छा किती आणि अवघडलेपण किती, हे बोलणाऱ्यालाही सांगता येईल का? १८९९ साली निबंध प्रसिद्ध झाला. मजकुरात हिल्डेब्रांटचं नाव आहे, वर लेखक म्हणून मात्र एकटा बियर. पुढे हाच हिल्डेब्रांट बियरचा कडवा टीकाकार झाला. लेखकांत नाव न आल्याचा राग होता, असं सांगतात. असेलही. पण ज्याने नडगीवर हातोडा खाल्ला त्याची कहाणी शंभर वर्षं विनोद म्हणून सांगितली जाते, हेही रागावण्यासारखंच आहे.

कीलमध्ये शरीर वापरलं गेलं, तर झुरिकमध्ये मन. १९०४ च्या ऑगस्टमध्ये साबीना श्पीलराइन ही रशियातल्या रोस्तोव्हची मुलगी तिथल्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयात दाखल झाली. वय १८. तिचे डॉक्टर होते कार्ल युंग. मुलगी विलक्षण हुशार. पुढच्या वर्षी ती बरी होऊन बाहेर पडली आणि झुरिक विद्यापीठात वैद्यकी शिकू लागली. त्याच विद्यापीठात युंग शिकवू लागले होते. ती त्यांची रुग्ण, त्यांच्या संशोधनातली सोबतीण, विद्यार्थिनी आणि १९०८ च्या सुमारास प्रेमातही. युंग विवाहित होते. हे प्रेम कुठवर गेलं यावर अभ्यासक अजून भांडतात. आपल्याला त्या भांडणात पडायची गरज नाही.

साबीनाच्या आईला कोणीतरी निनावी पत्र पाठवलं. आईने युंगना जाब विचारला. त्यावर युंगनी दिलेलं उत्तर वैद्यकीच्या इतिहासात जपून ठेवावं असं आहे. त्याचा आशय असा: मी तुमच्या मुलीकडून फी घेत नव्हतो, म्हणून डॉक्टरचं बंधन माझ्यावर नव्हतं, मित्र होणं शक्य होतं. मी मर्यादेत राहावं असं वाटत असेल तर योग्य मोबदला द्या, दर भेटीला दहा फ्रँक.

दहा फ्रँक! सुश्रुताच्या आचार्याने आपली विद्या पणाला लावली होती. इथे मर्यादेचा दर लावून दिला आहे.

युंगनी नंतर फ्रॉइडला लिहिलेल्या पत्रात, ते उत्तर लिहिणं हा हलकटपणा होता अशी कबुली दिली. फ्रॉइड मात्र सुरुवातीला युंगच्याच बाजूने होता; साबीनाने मदत मागितली तेव्हा तिने भावना आवराव्यात असाच त्याचा सूर होता. खरा प्रकार कळल्यावर त्याने तिची माफी मागितली. याच पत्रव्यवहारात, जून १९०९ मध्ये, त्याने एक शब्द पहिल्यांदा वापरला. उपचार करणाऱ्याच्या स्वतःच्या मनात रुग्णाबद्दल जे उसळतं त्याला नाव दिलं, ज्याला आज मानसोपचारात काउंटर-ट्रान्सफरन्स म्हणतात. आजच्या प्रत्येक मनोविकारतज्ज्ञाच्या प्रशिक्षणात असलेली ही कल्पना एका विद्यार्थिनीच्या मनस्तापातून निघाली, आणि शब्दाच्या जन्मदाखल्यावर नाव मात्र फ्रॉइडचं.

साबीना थांबली नाही. तिचा प्रबंध १९११ मध्ये ज्या वार्षिकात छापून आला त्याचे संपादक युंगच होते, म्हणजे सगळं घडून गेल्यावरही छापखान्याची वाट त्यांच्याच दारातून जात होती. ती व्हिएन्नाच्या मंडळात गेली, स्वतंत्र विचार मांडले, पुढे जिनिव्हात असताना खुद्द ज्याँ पियाजे तिच्याकडे मनोविश्लेषणासाठी जात असे. १९४२ मध्ये रोस्तोव्हला नाझींनी तिला आणि तिच्या दोन मुलींना मारलं. तिची डायरी आणि पत्रं १९७० च्या दशकात जिनिव्हात एका तळघरात सापडली, म्हणून आपल्याला तिची बाजू कळली. एरवी युंगच्या चरित्रातली एक तळटीप, एवढीच तिची ओळख राहिली असती.

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग शिक्षकाने विद्यार्थ्यापासून चार हात लांबच राहावं. तसं नाही. त्याच काळात बाल्टिमोरला विल्यम ऑस्लर जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकवत होते. शेजारच्या घरात राहणाऱ्या तरुण डॉक्टरांना त्यांनी आपल्या घराच्या किल्ल्याच देऊन टाकल्या होत्या. केव्हाही या, पुस्तकं काढा, वाचत बसा. त्यांना नावच पडलं 'लॅचकीअर्स', किल्लीवाले. त्यातला हार्वे कुशिंग पुढे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा आद्य पुरुष झाला आणि त्याने ऑस्लरचं जे चरित्र लिहिलं त्याला १९२६ चं पुलित्झर मिळालं. इथे दार शिक्षकाचं होतं, पण किल्ली विद्यार्थ्याच्या खिशात होती. यायचं की नाही, कधी उठून जायचं, हे तो ठरवत होता. मला वाटतं कील आणि झुरिकपेक्षा बाल्टिमोर वेगळं ठरतं ते एवढ्याचसाठी. अर्थात ऑस्लरसारखा माणूस भेटणं हे नशीब झालं, आणि नशिबावर व्यवस्था चालत नाही.

लेखी नियम यायला विसाव्या शतकाचा शेवट उजाडला. अमेरिकन मेडिकल असोसिएशनची आचारसंहिता आता सांगते की देखरेख करणारा डॉक्टर आणि शिकाऊ डॉक्टर यांच्यातले शरीरसंबंध दोघांच्या संमतीने असले तरी मान्य नाहीत. नातं पुढे न्यायचं असेल तर आधी देखरेखीचं काम सोडा. अनेकांना हा अतिरेक वाटतो. दोन प्रौढ माणसं, इतरांना काय पडलंय? त्या माणसांनी हिल्डेब्रांटची 'तयारी' आठवावी. संमती खोटी असते असं नियम म्हणत नाही. ज्याच्या हातात दुसऱ्याची सही आहे त्याने त्या संमतीवर विसंबू नये, एवढंच म्हणतो. आणि जबाबदारी वरच्यावर टाकतो, धाकट्यावर नाही. तुमच्या मुलीला फोनवर सांगायचंच असेल तर हे सांगा, की तिच्या विभागात असा नियम कुठल्या कागदावर आहे ते पहिल्या आठवड्यातच वाचून ठेव, आणि सरांच्या साखळीबाहेरचा एक माणूस, एखादी मावशी, हाताशी असू दे.

पांढऱ्या कोटाचा समारंभ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. १९९३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात सुरू झालेली ही प्रथा आता सर्वत्र पसरली आहे. मुलं कोट घालून ओळीने उभी राहतात, आपण फोन उंच धरून चित्रण करतो, आणि ती एखादी शपथ म्हणतात. बऱ्याच ठिकाणी ती जिनिव्हा घोषणेवर बेतलेली असते. जागतिक वैद्यक संघटनेने ही घोषणा १९४८ मध्ये, युद्धातल्या डॉक्टरांच्या पापांनंतर, हिपोक्रॅटिसच्या शपथेला नवं रूप देण्यासाठी तयार केली. तिच्यात शिक्षकांबद्दल आदर आणि कृतज्ञता बाळगण्याचं वचन पहिल्यापासून होतं. शिष्यांबद्दल काही नव्हतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये शिकागोच्या सभेत तिच्यात दुरुस्ती झाली, आणि त्या वाक्यात शिक्षकांच्या जोडीला सहकारी आले, आणि विद्यार्थीही. पुढच्या वेळी चित्रण करताना ते वाक्य कान देऊन ऐका. आणि व्यासपीठावर बसलेली प्राध्यापक मंडळी ते मुलांबरोबर म्हणताहेत का, तेही पाहा.